नवा पदार्थ, पाच तोंडं : रात्रीचा स्वयंपाक शिकतो आहे, मार्गदर्शन हवं

चिंचगूळ

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आई नागपूरला ताईकडे गेली आहे. ताईचं बाळंतपण आहे, त्यामुळे उन्हाळा सरेपर्यंत ती तिकडेच राहील. बायकोची ड्यूटी दुपारी सुरू होते आणि ती रात्री साडेदहाला घरी पोचते. म्हणून रात्रीचा स्वयंपाक मी माझ्याकडे घेतला आहे. राहायला नाशिकला.

कुकर, वरण-भात, मुगाची खिचडी, बटाट्याची भाजी, पोहे, पोळ्या एवढं जमतं. नुसतं पोट भरायचं असतं तर डबा लावला असता, पण मला हे नीट शिकायचं आहे. आई परत आली तरी रात्रीची ओट्याची जागा मी सोडणार नाही, असं घरात सांगून टाकलं आहे.

करायचे आहेत ते पदार्थ : ज्वारीची भाकरी (बाबांना रात्री भाकरीच लागते), वालाचं बिरडं, पाटवडी रस्सा आणि अळूची पातळ भाजी.

आता खरी अडचण. बाबांना बीपी आहे, मीठ कमी लागतं, आणि कवळी असल्यामुळे मऊ लागतं. मुलगा कॉलेजात, त्याला झणझणीत हवं. लेक चौथीत, आमटीत मिरचीचा तुकडा दिसला तरी ताट सरकवते. बायको उशिरा जेवते, म्हणजे पदार्थ दोन-अडीच तास टिकून राहायला हवा. एकाच पातेल्यातून हे सगळं कसं साधायचं? पाच जणांना वेगवेगळं करणं मला शक्य नाही आणि ते बरोबरही वाटत नाही.

आणखी दोन प्रश्न. कृतीत 'एक वाटी' लिहितात ती नक्की केवढी? आणि भाकरी थापताना कडा फाटतात, उचलली की मधून चिरते, त्याला काय करायचं?

---

माजघर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या ताटातच वाढून ठेवलेलं आहे. डावी बाजू बघा. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडची भाजी-आमटी सगळ्यांना एकच, आणि डावीकडून ज्याचं त्याने आपल्यापुरतं तिखट, आंबट, खारट करून घ्यायचं. एकत्र कुटुंबात वीस माणसांची पंगत बसायची, त्यात लहान मूल असायचं, पथ्याचं म्हातारं माणूस असायचं, शेतावरून आलेला गडी असायचा. प्रत्येकाचं वेगळं कोण शिजवणार होतं? पातेल्यातला पदार्थ मवाळ ठेवा आणि डावी बाजू जोरदार करा. लसणीची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची किंवा कारळाची चटणी अशा दोन बरण्या कायम भरलेल्या ठेवल्यात तर तुमच्या मुलाची तक्रार राहणार नाही. मीठही भाजीत हात राखून घाला. ज्याला कमी वाटेल तो वरून घेईल. बाबांच्या ताटात मात्र मीठ वाढूच नका, लिंबाची फोड वाढा. आंबट असलं की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही.

दुसरं म्हणजे, एका जेवणात नवा पदार्थ एकच. बाकी सगळं ओळखीचं. बिरडं नवं असेल त्या दिवशी वरण-भात, पापड, काकडीची कोशिंबीर हे नेहमीचंच असू द्या. लेकीला बिरडं नाही आवडलं तरी ती वरण-भात जेवून उठेल. तिच्या ताटात मात्र ते चमचाभर वाढा आणि त्यावर काहीही बोलू नका. 'खाऊन तर बघ' सुद्धा म्हणायचं नाही. चार वेळा ताटात दिसलं की मूल आपण होऊन बोट लावून बघतं, हा माझा दोन लेकरं आणि तीन नातवंडांचा अनुभव आहे.

---

मापटं

वाटीबद्दल. बाजारातला मापाचा कप २४० मिलीचा असतो, चहाचा चमचा ५ मिली, मोठा चमचा १५ मिली. घरातल्या वाट्या मात्र कुठल्याच दोन सारख्या नसतात. आमच्याकडे १४० मिलीची आहे आणि २०० मिलीचीही आहे. म्हणून एकदा बसून तुमची नेहमीची वाटी मोजा. वजनकाटा असेल तर काम सोपं, वाटीभर पाण्याचं वजन जितके ग्रॅम तितके मिली. ती एकच वाटी मापाची म्हणून बाजूला काढा, तिच्यात दुसरं काही वाढू नका.

बहुतेक कृतींत वाटीचा आकार महत्त्वाचा नसतो, प्रमाण महत्त्वाचं असतं. सुरळीच्या वड्यांना एक वाटी बेसन, एक वाटी ताक, दोन वाट्या पाणी म्हटलं की वाटी लहान-मोठी असली तरी बिघडत नाही, फक्त तिन्ही जिन्नस त्याच वाटीने मोजायचे. मीठ आणि तिखट मात्र चमच्यानेच मोजा.

बाबांसाठी : जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं आहे, म्हणजे साधारण सपाट चहाचा चमचा, सगळ्या खाण्यात मिळून. पापड आणि लोणचं यातच धरायचं. मी घरात एक पद्धत पाडली आहे, भाजीत घालायचं मीठ आधी चमच्याने वाटीत काढतो आणि त्या वाटीतूनच घालतो. डब्यातून थेट हाताने घातलं की किती गेलं ते कळत नाही.

कुकरबद्दलही न विचारता सांगतो. शिट्ट्या मोजू नका. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि मिनिटं मोजा. शिट्टी आच किती आहे आणि कुकरात पाणी किती आहे त्यावर वाजते, मिनिटं सगळीकडे सारखी.

---

शाळू

मी मंगळवेढ्याकडचा, त्यामुळे भाकरीवर जरा लांबण लावणार आहे.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरून ठेवणारा ग्लूटेन नसतो. भाकरी धरून राहते ती पिठाच्या विरीवर, म्हणजे मळल्यावर चिकटून राहायच्या गुणावर. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते आणि मग कितीही मळा, कडा फाटणारच. म्हणून पहिला प्रश्न तुम्हालाच, पीठ कधी दळलेलं आहे? पाकिटातलं असेल तर ते सोडा. गिरणीत दोन-दोन किलो दळून आणा आणि आठ-पंधरा दिवसांत संपवा. गिरणीवाल्याला 'भाकरीचं बारीक' असं सांगा, आणि शक्यतो आधी ज्वारीच दळलेली असेल तेव्हा टाका, नाहीतर गव्हाचं किंवा हरभऱ्याचं पीठ मिसळून येतं. ज्वारी घेताना शाळू मागा. रब्बीची, मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आमच्याकडची काळी खोल जमीन आणि नुसत्या ओलाव्यावर येणारं पीक, त्यामुळे दाणा टपोरा, पांढरा आणि चवीला गोड.

आता कृती. परातीत एका भाकरीपुरतंच पीठ घ्या. पाणी कडकडीत गरम, हात भाजेल इतपत. आधी चमच्याने कालवा, मग तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने रेटून रेटून मळा. पीठ परातीला घासत पुढे जायला हवं आणि परत गोळा करून पुन्हा रेटायला हवं. नवीन माणूस इथे घाई करतो. गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ लागला आणि बोटाने दाबल्यावर कडेला भेग पडली नाही, की झाला. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो, सगळं कसब त्यात आहे.

परातीत कोरडं पीठ भुरभुरा, गोळा ठेवा, उजव्या हाताने थापत फिरवा. बोटं कडेला, जोर कडेवर. मध्यभाग आपोआप पातळ होतो, तिथे मुद्दाम थापलंत तर तिथेच चिरेल. तवा लोखंडी आणि आधीच तापलेला. भाकरी टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्या आणि लगेच त्यावर पाण्याचा हात फिरवा. ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. पाणी सुकून गेलं की वर तडे जातात आणि मग पापुद्रा सुटत नाही. पाण्याची बाजू चांगली भाजली, डाग पडले, की काढून दुसरी बाजू थेट आचेवर धरा. फुगेल.

बाबांच्या कवळीसाठी : भाकरी तव्यावरून उतरली की वरचा पापुद्रा काढून त्यांना द्या, किंवा गरम भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्या. कडक भाकरी हा आमच्या सोलापूरकडचा लाडका प्रकार, पण तो त्यांच्या कामाचा नाही.

---

दूरदेशी

शाळू, अगदी नेमकं लिहिलंत. मी जर्मनीत आहे. इथल्या भारतीय दुकानातलं पीठ बोटीतून, गोदामातून येईपर्यंत त्याची विरी संपलेली असते आणि गिरणी तर नाहीच. अशा पिठाची उकड काढावी लागते. जितकं पीठ तितकंच पाणी उकळायचं, गॅस बंद करून पीठ घालून ढवळायचं, झाकण ठेवून दहा मिनिटं सोडायचं आणि मग कोमट असताना मळायचं. अशी भाकरी लाटताही येते. थापलेल्या भाकरीची चव थोडी वेगळी हे मान्य, पण परक्या गावात गरम भाकरी आणि पिठलं पानात आलं की डोळ्यांत पाणी येतं. चिंचगूळ, हात बसेपर्यंत तुम्हीही उकडीची करून बघा.

---

पाटावरवंटा

+१ उकडीला. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

बाजरी आणलीत तर मात्र एक ध्यानात ठेवा. तिच्यात तेलाचा अंश जास्त असतो, त्यामुळे पीठ फार लवकर कडू होतं. थंडीतसुद्धा आठवड्याचंच दळा.

---

आमसूल

बिरड्याबद्दल मी सांगते, आमचं अलिबाग.

रविवारी दुपारी खायचं असेल तर शुक्रवारी रात्री कडवे वाल भिजत घाला. शनिवारी सकाळी पाणी काढून पंच्यात घट्ट बांधा आणि उबेला ठेवा. नाशिकची थंडी आहे, तेव्हा गाठोडं डब्यात घालून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलंत तर बरं. रविवारी सकाळी मोड आलेले असतील. ते कोमट पाण्यात टाका आणि सोला. वाल बोटांच्या चिमटीत धरून दाबला की डाळिंबी टुणकन बाहेर येते. हे काम लेकीला द्या, खरंच सांगते. माझ्या भाचीने जन्मात बिरडं तोंडात घातलं नव्हतं, पण स्वतः सोललेल्या डाळिंब्या तिने मोजून ताटात वाढून घेतल्या.

तेलावर मोहरी, ती तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता, शेवटी हळद. हळद आधी टाकली तर करपते. मग बारीक चिरलेला कांदा, तो मऊ झाला की डाळिंब्या. एकदाच अलगद परता. झाकणावर पाणी ठेवा, ते गरम झालं की तेच थोडंथोडं आत घाला. डावाने ढवळायचं नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून हलवायचं, नाहीतर डाळिंब्या मोडून लगदा होतो. आमसूल आणि गूळ डाळिंब्या शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर डाळिंब्या मऊ होत नाहीत, तासभर शिजवा तरी दाताखाली लागतात. सगळ्यात शेवटी नारळाचं दूध किंवा ओलं खोबरं, आणि एक कढ.

तिखटाला फक्त एक मिरची, मोडून, देठासकट टाका म्हणजे वाढताना काढता येते.

---

चिंचगूळ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं कुणी समोर बसवूनही सांगितलं नसतं.

पीठ पाकिटातलंच होतं. आता शाळू दळून आणली. फरक मळतानाच हाताला कळला, गोळा परातीला घासला की चिकटून पुढे जातो, आधी तो भुगा होऊन सुटायचा. उकडीची आणि थापलेली, दोन्ही केल्या. बाबांनी पापुद्रा तुपाबरोबर खाल्ला आणि आणखी अर्धी मागितली.

बिरडं रविवारी केलं. लेकीने सोलायला सगळा वेळ दिला. जेवताना तिने चार डाळिंब्या भाताबरोबर खाल्ल्या, मी माजघरताईंचं ऐकून एक शब्द बोललो नाही. मुलाने लसणीची चटणी कालवून दोनदा घेतलं. मिठाची वाटी वेगळी काढायची पद्धतही सुरू केली आहे.

पुढचा नंबर पाटवडीचा. बायको मूळची अकोल्याची, तिच्यासाठी करायची आहे, म्हणून ती चांगलीच व्हायला हवी. प्रमाण सांगाल का कुणी?

---

वऱ्हाडी

अकोल्याच्या लेकीसाठी पाटवडी, मग तर नीटच सांगतो.

एक वाटी बेसन, दीड ते पावणेदोन वाट्या पाणी. अर्ध्या पाण्यात बेसन गुठळी न ठेवता कालवून घ्या. कढईत तेल, जिरं, ठेचलेला लसूण, हिंग, हळद, थोडं तिखट, मीठ, आणि उरलेलं पाणी. पाण्याला उकळी आली की एका हाताने कालवलेलं बेसन सोडा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. हात थांबवायचा नाही. गोळा कढई सोडायला लागला की झाकण ठेवून बारीक आचेवर दोन वाफा. झालं की नाही ते बघायला थेंबभर ताटलीवर ठेवा, निवला की बोटाला न चिकटता सुटला पाहिजे. तेल लावलेल्या ताटात ओता, ओल्या हाताने थापा, वरून खोबरं, खसखस आणि भरपूर सांबार. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, नाशिककरांसाठी सांगून ठेवतो.) पूर्ण निवल्यावर वड्या पाडा.

रस्सा : कांदा आणि सुकं खोबरं खमंग भाजून, आलं-लसूण आणि गरम मसाल्याबरोबर वाटून, तेल सुटेपर्यंत परतायचं. कडेने तेल सुटलेलं दिसलं पाहिजे, तोवर पाणी घालायचं नाही. वड्या रश्शात उकळायच्या नाहीत. वाढताना वाटीत वडी ठेवून वरून रस्सा.

एका बाबतीत मात्र मी माजघरताईंशी सहमत नाही. पाटवडीचा रस्सा मवाळ केला तर तो पाटवडीचा रस्सा उरत नाही. काही पदार्थांचा जीवच तिखटात असतो. चटणी बाजूला घेऊन ती चव येत नाही, कारण तिखट तेलात परतलेलं असावं लागतं.

---

माजघर

वऱ्हाडी, तुमचं म्हणणं पटलं. कच्च्या तिखटाची आणि तेलात फुललेल्या तिखटाची चव एक नाही, हे खरंच आहे. मग चिंचगूळनी तर्री वेगळी करावी. रस्सा मसाल्याचा पण कमी तिखटाचा. छोट्या कढल्यात तेल तापवून, आच बंद करून, अर्धं मिनिट थांबून त्यात लाल तिखट आणि चमचाभर तोच वाटलेला मसाला घालायचा, वर दोन चमचे रस्सा. झाली तर्री. मुलाच्या आणि सूनबाईंच्या वाटीत वरून घाला. बाबा आणि लेक तीच पाटवडी, तोच रस्सा खातील. तर्रीचा वाटगा डाव्या बाजूलाच ठेवा म्हणजे माझंही राहील.

---

वऱ्हाडी

हे चालेल. तर्री ताजीच करा, आदल्या दिवशीची नको.

---

पाटावरवंटा

अळूचं राहून गेलं. पातळ भाजीला हिरव्या देठाचं अळू घ्या, काळ्या देठाचं वडीला. चिरण्याआधी हाताला तेल लावा. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला आणि हाताला खाजतात. म्हणून चिंच हवीच, आणि अळू पुरतं शिजायला हवं, अर्धंकच्चं ठेवायचं नाही. चण्याची डाळ आणि शेंगदाणे भिजवून अळूबरोबरच कुकरला लावा, देठं सोलून बारीक चिरून त्यातच. मग बेसन लावून घोटायचं, चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला, वरून फोडणी. बाबांना वाढताना दाणे आणि डाळ बाजूला सारून वाटीभर भाग काढून घ्या, मऊ आणि घोटलेलं त्यांना सोपं जाईल. घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या.

चांगलं अळू पावसाळ्यात. तेव्हाच करा, आता घाई नको.

---

चिंचगूळ

अळू आषाढापर्यंत थांबवलं.

पाटवडी काल झाली. थेंब ताटलीवर ठेवून बघायची खूण फार उपयोगी पडली. पहिल्यांदा बोटाला चिकटला, मग आणखी एक वाफ काढली आणि सुटला. तर्री वेगळी केली. बायको आली तेव्हा वड्या निवलेल्या होत्या, रस्सा गरम केला आणि तर्री तिच्यासमोर ताजी केली. तिने आधी वास घेतला, मग अकोल्याला व्हिडिओ कॉल लावून सासूबाईंना वाटी दाखवली. सासूबाईंनी एकच विचारलं, खसखस भाजून घातली का? नव्हती घातली. पुढच्या वेळी भाजून घालणार.

आता शेवटचा प्रश्न. ती साडेदहाला येते तोवर भाकरी वातड होते. पीठ आधी मळून ठेवून तिच्यापुरती गरम थापली तर चालेल का?

---

शाळू

मळून ठेवू नका. ज्वारीचा मळलेला गोळा ठेवला की सैल पडतो आणि थापताना तुटतो. एका भाकरीचं पीठ परातीत कोरडंच काढून झाकून ठेवा, थर्मासमध्ये कडकडीत पाणी ठेवा. त्या घरात येऊन हातपाय धुवून बसेपर्यंत भाकरी तव्यावरून उतरते.

आणि खसखस अगदी मंद आचेवर भाजा, लगेच करपते.